वंशवृक्षात जागा कोणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हुबळीतील आमच्या समाजाच्या देवळाच्या सभागृहात मुलांसाठी आठ दिवसांचा एक लहानसा वर्ग भरविण्यात आला होता. श्लोक, आरत्या, रांगोळी, थोडे कोंकणी वाचन आणि शेवटच्या दिवशी हस्तकला असा त्याचा क्रम होता. हस्तकलेचा विषय ठरला होता ‘आपला वंशवृक्ष’. मुलांनी पिंपळाची पाने जुन्या वह्यांत दाबून वाळवून आणली होती. मोठ्या कागदावर तपकिरी रंगाने खोड व फांद्या काढावयाच्या, प्रत्येक पानावर एक नाव लिहावयाचे आणि ते आपापल्या फांदीवर डिंकाने चिकटवावयाचे, एवढेच काम. अगदी लहान मुलांसाठी हिरव्या रंगात बोट बुडवून ठसे उमटविण्याची सोय होती. वयाने वडील म्हणून देखरेखीचे काम मजकडे आले होते.

काम सोपे आहे असे मला वाटले होते. अर्ध्या तासातच दोन मुलांनी मला अडचणीत टाकले.

पहिली माझी स्वतःची नात. वय वर्षे नऊ. घरातील एका जुन्या समूहछायाचित्राची प्रत तिने आणली होती आणि एकेक चेहरा कापून ती पानांवर लावीत होती. माझे आजोबा, माझे वडील, काका, आत्या असे सारे जागेवर बसले. एक चेहरा मात्र तिच्या तळहातावर उरला. छायाचित्राच्या अगदी कडेला, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या असलेल्या एका वृद्धेचा तो चेहरा होता. नातीने विचारले, “आज्जा, हें पान खंय लावचें?”

दुसरा एक मुलगा. त्याच्या झाडाची एक बाजू पानांनी भरली होती आणि दुसरी अगदी रिकामी होती. मी सहज म्हणालो, “बाळा, वडिलांकडची पाने राहिली की.” तो काही बोलला नाही. त्याने कोपर पुढे सरकवून कागद झाकून घेतला. त्याला त्याच्या आईने एकटीने वाढविले आहे, हे मला मागाहून कळले. आजवर मी पुष्कळांस पुष्कळ उपदेश केला असेल. त्या दिवशी त्या कोपराने मला केला तेवढा कोणी मला केलेला नाही.

या दोन प्रश्नांचा विचार त्या दिवसापासून माझ्या मनात चालू आहे. वंशवृक्षात जागा कोणाची? जन्माने जो येतो त्याची, की ज्याच्यावाचून हे झाड उभे राहिले नसते त्याची? आणि ज्या मुलाला एक फांदी माहीत नाही, त्याच्या हाती आपण हा कागद कोणत्या अधिकाराने देतो?

प्रथम या शब्दाकडेच पाहू. आपल्या कर्नाटकात ‘वंशवृक्ष’ हा शब्द मुलांच्या चित्रापुरता नाही. वडील वारले, जमीन किंवा घर वारसांच्या नावावर करावयाचे झाले, की नाडकचेरीतून जो दाखला आणावा लागतो त्याचेही नाव वंशवृक्षच. हा योगायोग नव्हे. आपल्याकडील कागदोपत्री वंशावळींचा बराच मोठा भाग मालमत्तेपायी जन्मास आला आहे. कंपनी सरकारने दक्षिण मराठा मुलुखात, म्हणजे आपल्या धारवाड-बेळगाव भागात, १८४३ पासून इनामांची चौकशी आरंभली. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. इनाम कोणी दिले, कोणाला दिले, आणि आज उपभोग घेणारा मूळ पुरुषाचा कोण लागतो, हे सिद्ध करणे त्यामुळे घरोघर प्राप्त झाले. अशा प्रसंगी जो मांडला जातो तो वारसांचा तक्ता असतो; आठवणीला त्यात स्थान नसते. ज्याला वाटा नाही त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजनही नसते. म्हणून मुली गेल्या, सुना गेल्या, निःसंतान वारलेले गेले, आणि बालविधवा तर सर्वांच्या आधी गेल्या.

या तक्त्यात कोणाला घ्यावे आणि कोणाला नाही, हा प्रश्न आपल्या परिसरात रक्तानेही लिहिला गेला आहे. धारवाडहून फार दूर नसलेल्या कित्तूरच्या गादीवर घेतलेल्या दत्तकाला मान्यता देण्याचे कंपनीने नाकारले, आणि १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्मेच्या सैन्याशी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. नरगुंदचे बाबासाहेब भावे यांनाही दत्तक घेण्याची परवानगी मिळाली नाही. १८५८ साली ते उठले आणि बेळगावात फाशी गेले. दत्तक मुलगा हा मुलगाच, ही आपल्या समाजाची धारणा होती. ज्याच्या हाती सत्ता त्याने ती खोटी ठरविली. पुढे स्वतंत्र भारतात १९५६ च्या कायद्याने दत्तक अपत्याला सर्व बाबतींत औरस अपत्याचे स्थान दिले आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. त्याच वर्षीच्या वारसा कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या. कर्नाटकाने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. कागदावरचे झाड कायद्याच्या वाऱ्याने असे पालटत आले आहे. त्याला सनातन समजणे ही आपली भूल आहे.

कोणी म्हणतील, वंशावळ केवळ मालमत्तेसाठी नव्हती. हे मला मान्य आहे. उत्तर कर्नाटकातील खेड्यांत बैलावर बसून येणारे हेळव पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी कुटुंबांची नावे जपत आले. हेळव याचा कन्नड अर्थ पांगळा. आपला मूळ पुरुष पांगळा होता, म्हणून तो बैलावर बसून हिंडे, अशी त्यांची कथा. सुगीनंतर दारात यावे, घराण्याची नावे मूळ पुरुषापासून म्हणून दाखवावीत, नव्या जन्मांची नोंद करावी आणि धान्य, वस्त्र घेऊन पुढच्या गावी जावे, हा त्यांचा व्यवसाय. काशी, गया, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पणजोबांची मोडी सही तेथे पाहून ज्याचे डोळे भरून आले नाहीत असा यात्रेकरू विरळा. पूर्वजांचे नाव कानी पडावे ही माणसाची भूक खरी आहे, आणि मुलांच्या हस्तकलेतही तीच भूक असते. प्रश्न इतकाच, की ही भूक आपण कशाने भागवितो. अभिमानाने की कृतज्ञतेने?

अभिमानाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आमच्या समाजात मूळ गोव्यातील देवस्थानांचा उल्लेख निघाला की कंठ दाटतो, आणि ते योग्यही आहे. १५६० साली श्रीमंगेशाची मूर्ती कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास नेण्यात आली. त्या काळात अनेक घराणी देवासह किंवा देवामागून निघाली आणि कालांतराने कानडी मुलुखात पसरली. ‘आम्ही त्यांचे वंशज’ असे आपण म्हणतो. परंतु पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर तेव्हापासून आजपर्यंत सुमारे अठरा पिढ्या झाल्या. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहाव्या पिढीत ही संख्या १,०२४ होते आणि अठराव्या पिढीत २,६२,१४४. विवाहसंबंध आपसांत होत असल्याने तीच माणसे पुनःपुन्हा येतात आणि खरा आकडा पुष्कळच कमी होतो, हे खरे. तथापि ज्या एका मूळ पुरुषाच्या नावाने आपण छाती फुगवितो, तो त्या पिढीतील आपल्या सहस्रावधी पूर्वजांपैकी एक, एवढे तरी सिद्ध आहेच. इतरांची नावे आपण टाकून दिली. त्यांत कोणी स्वयंपाकीण असेल, कोणी कर्ज बुडविलेला असेल, कोणी कोठून आली हे सांगता न येणारी असेल. त्यांच्यावाचूनही आपण नसतोच.

आपल्या ऋषींनी हा विचार आपल्यापेक्षा अधिक धैर्याने केला होता. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपण मुलांना सांगतो, पण ती कथा वंशवृक्षाचीच आहे हे विसरतो. गुरूकडे जाण्यापूर्वी सत्यकाम आईला आपले गोत्र विचारतो. जबाला सांगते की तारुण्यात पुष्कळ ठिकाणी परिचर्या करीत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असे सांग. हारिद्रुमत गौतमांपुढे मुलाने शब्द न बदलता तेच सांगितले, आणि सत्यापासून तो ढळला नाही एवढ्याच कारणास्तव त्यांनी त्याला जवळ केले. त्याच्याही झाडाची एक बाजू रिकामीच होती. गुरूने ती भरून आणावयास सांगितले नाही. मी मात्र सभागृहात त्या मुलाला नेमके तेच सांगितले.

बृहदारण्यकात ‘वंश’ या नावाच्याच याद्या आहेत, आणि त्या रक्ताच्या नसून विद्येच्या आहेत. कोणी कोणापासून ज्ञान घेतले याच्या. त्यातही सहाव्या अध्यायाच्या अखेरची यादी विशेष आहे. तेथे आचार्यांची ओळख मातेवरून दिली आहे. पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र असा तो क्रम चालतो. ज्यांना वंशात स्त्रियांची नावे लिहिणे हे आजचे खूळ वाटते, त्यांनी तो भाग अवश्य पाहावा. आपल्या मठांची परंपरा तरी काय आहे? १७०८ पासूनची चित्रापूर मठाची गुरुपरंपरा घ्या, की अन्य सारस्वत मठांची. संन्याशाला पुत्र नसतो. शिष्यस्वीकार होतो आणि वंश पुढे चालतो. ज्या गादीपुढे आपण मस्तक नमवितो ती स्वीकाराने चाललेली आहे, आणि घरी मात्र स्वीकारलेल्या मुलाचे पान कोठे लावावे याची आपण कुजबुज करतो!

आपल्या याच नगरात गंगूबाई हानगल राहिल्या. १९१३ साली धारवाडात जन्मलेल्या आणि २००९ साली हुबळीत निवर्तलेल्या या थोर गायिकेने आपल्या नावापुढे हानगल हे गाव लाविले ते मातृघराण्याकडून आलेले. आई अंबाबाई स्वतः गायिका होत्या. गुरू कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ. गंगूबाईंचा वंशवृक्ष काढावयाचा झाला तर एक फांदी आईची आणि दुसरी गुरूची, अशा दोन फांद्यांवाचून तो निघणारच नाही. आणि ज्यांनी काही काळ हुबळीच्या काडसिद्धेश्वर महाविद्यालयात अध्यापन केले ते एस. एल. भैरप्पा यांनी १९६५ साली ‘वंशवृक्ष’ याच नावाची कन्नड कादंबरी लिहिली. तिच्यातील श्रीनिवास श्रोत्री वंशाच्या शुद्धतेसाठी जन्मभर झिजतात, आणि उतारवयात त्यांना कळते की त्या वंशाचे रक्त आपल्यात नाहीच. कादंबरीतील हा घाव एका श्रोत्रींपुरता नाही. खात्रीने कोण काय सांगू शकतो?

आता माझ्या नातीच्या तळहातावरील चेहऱ्याकडे येतो.

त्या माझ्या आजोबांच्या धाकट्या भगिनी. बाराव्या वर्षी वैधव्य येऊन माहेरी परतल्या. सारे घर त्यांना आक्का म्हणे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत माझी आजी गेली, तेव्हा माझे वडील नऊ महिन्यांचे होते. आजोबांनी पुन्हा लग्न केले नाही. आक्कांनी त्या मुलाला वाढविले, त्याचे लग्न लाविले आणि पुढे आम्हा भावंडांनाही मांडीवर घेतले. मी पंधरा वर्षांचा असताना त्या गेल्या. त्यांच्यावाचून आमचे झाड नऊ महिन्यांच्या रोपट्यापाशीच सुकले असते. असे असता १९८७ साली घराच्या वाटणीसाठी वंशावळ लिहावयाची झाली तेव्हा ती मीच माझ्या हाताने लिहिली. कारकुनाने विचारले, “यांना संतती?” मी म्हणालो, “नाही.” तो म्हणाला, “मग नाव कशाला?” मी लेखणी पुढे चालविली. कायद्याच्या दृष्टीने त्याचे चुकले नव्हते. माझे चुकले ते असे, की ती प्रत मी घरी आणून चौकटीत बसविली आणि तोच आमचा वंश असे अडतीस वर्षे मानीत आलो.

नातीने पानावर लिहिण्यासाठी नाव विचारले. ‘आक्का’ हे काही नाव नव्हे. मला नाव आठवेना. कारवारच्या वयोवृद्ध चुलतबहिणीला विचारले. तिलाही ‘आक्का’ एवढेच ठाऊक. एका माणसाने पन्नासांहून अधिक वर्षे एका घरात राबावे आणि त्या घरातील कोणालाही तिचे नाव सांगता येऊ नये, याहून मोठे दारिद्र्य कोणते?

नाव सापडले ते अनपेक्षित ठिकाणी. आमच्या जुन्या उपाध्यायांच्या चिरंजीवांनी वडिलांची वही जपून ठेविली आहे. तीत महालयासाठी यजमानांच्या पितरांची नावे लिहिलेली आहेत. माझ्या वडिलांच्या नावाखाली पिता, पितामह, माता, पितामही यांच्यामागून ‘पितृभगिनी’ या शब्दापुढे एक नाव आणि सासरचे गोत्र लिहिलेले होते. वडील दरवर्षी भाद्रपदात ते नाव उच्चारून तिलोदक देत असत. लहानपणी मी शेजारी बसून ते ऐकिलेही असेन.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपल्या परंपरेत वंशाच्या दोन याद्या आहेत. एक दायादांची, म्हणजे वाटेकऱ्यांची. दुसरी ज्यांचे ऋण आहे त्यांची. महालयाच्या यादीत चुलते येतात, मामा येतात, आत्या, मावशी, बहीण येते, सासरे येतात, गुरू येतात, शिष्य आणि आप्तही येतात. आणि तर्पणाच्या शेवटी वस्त्र पिळून जे पाणी सोडावयाचे, ते आपल्या कुळात जन्मून निपुत्रिक गेलेल्यांसाठी. शास्त्रकारांना ठाऊक होते की यादी कितीही लांबविली तरी कोणी तरी राहूनच जाणार. म्हणून राहिलेल्यांसाठीही त्यांनी जागा राखिली. आपण मात्र मुलांच्या हाती वाटेकऱ्यांची यादी देतो आणि ऋणाची यादी उपाध्यायांच्या वहीत ठेवितो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ज्याच्यावर प्रेम आहे त्याला झाडावर चढविले तर वंशवृक्षाला काही अर्थच उरणार नाही. मी म्हणतो, नाते खरे लिहावे. खोटे लिहिण्याची आवश्यकता नाही. आक्कांना आजी म्हणून दाखवू नये, ‘आजोबांची भगिनी, हिने वाढविले’ असे लिहावे. नाडकचेरीचा दाखला दाखल्याच्या जागी राहू दे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरात झाकून ठेवलेल्या गोष्टी लहान मुलांपुढे का उघडाव्यात? जिवंत माणसांचे दुःख भिंतीवर का टांगावे? यात तथ्य आहे. ज्याचे गुपित त्याच्या संमतीवाचून ते सांगण्याचा आपणांस अधिकार नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला सर्व काही सांगण्याची गरजही नाही. परंतु न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. ‘हे तुला पुढे सांगेन’ असे म्हणता येते. ‘ही कोणी नव्हे’ असे म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला स्वतःशी कबूल केली पाहिजे. आक्कांना मरणोत्तर तिलोदक मिळाले. जिवंतपणी त्यांना कोणी काही विचारले नाही. स्मरण हे न्यायाच्या जागी चालत नाही. नातीच्या कागदावर एक पान लावून माझी फेड झाली असे मी मानीत नाही. मात्र ज्या घरात अशा माणसाचे नाव भिंतीवर दिसते, त्या घरात आज राबणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी थोडी तरी बदलेल, अशी आशा मला वाटते.

पुढील सुट्टीत हा वर्ग पुन्हा भरेल. कागद, पाने आणि डिंक तेच असतील. या खेपेस मी मुलांना दोनच गोष्टी सांगणार आहे. खोडाशी प्रथम तुम्हांला ज्यांनी वाढविले त्यांची पाने लावा, मग ती कोणतीही असोत. आणि दोनचार पाने कोरी ठेवा. कोऱ्या पानाला कोणी कारण विचारणार नाही. त्या मुलाच्या शेजारी मी स्वतः माझा कागद घेऊन बसणार आहे, आणि माझ्याही झाडावर कोरी पाने असतील, कारण ती आहेतच.

नातीचा कागद आमच्या घरी भिंतीवर लागला आहे. आक्कांचे पान खोडाला लागूनच आहे. त्यावर नातीने त्यांचे पूर्ण नाव लिहिले आहे. यंदाच्या महालयात मी ते उच्चारले, आणि ती शेजारी बसून ऐकत होती.